मधल्या सीटवरचा पाहुणा

१३ मे, सोमवार. तिबिलिसी

पोहोचलो एकदाचे जॉर्जियाला. विमान टेकलं तेव्हा माझी नात निकिता हिने टाळ्या वाजवल्या, मग मीही वाजवल्या. गावचं, चुडाव्याचं ऊन सोडून दुबईमार्गे आलो आणि इथं स्वेटर घालून लिहायला बसलो आहे. माझा मुलगा सिद्धोधन दुबईत नोकरीला असतो. त्याला आठवडाभर सुट्टी मिळाली. सून नीलम म्हणाली, मामा, तुमीबी चला, निकिताला तुमच्याबिगर करमत न्हाई. माझी बायको सरजाबाई हिचे गुडघे दुखतात, म्हणून ती घरीच राहिली. बुद्ध पौर्णिमेच्या आत मला चुडाव्यात सोडायचं, असं मी पोराकडून कबूल करून घेतलं आहे.

गाडी विमानतळावरच भाड्याने घेतली. पांढरी, पाच माणसांची. देणारा माणूस जाड भुवयांचा. मला म्हातारा बघून त्याने छातीवर हात ठेवला आणि वाकला. इथं नमस्कार आणि निरोप दोन्ही असेच करतात म्हणे. त्याने गाडीभोवती फिरून एकेका ओरखड्याचा फोटो काढला. मीही चाकं दाबून पाहिली. पूर्णेला गँगमन म्हणून जन्मभर रूळ तपासले, न तपासता कशातही बसायला मला जमत नाही. सिद्धोधन म्हणाला, बाबा, नांदेड पॅसेंजर न्हाई ही, बसा गुमान. गाडीवाल्याने विचारलं, चालवणारा एकच, का दुसऱ्याचं नाव लिहू? निकिता म्हणाली, आजोबांचं लिहा. सगळे हसलो. एकच लिहिलं.

स्टेअरिंग डाव्या हाताला, गाड्या उजव्या बाजूने. प्रत्येक वळणावर वाटतं, समोरचा आता अंगावर येतो. मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी निकिता तिच्या लहान मुलांच्या सीटमध्ये. मधली सीट रिकामी. तिथं भाकरीची पिशवी ठेवली आहे.

१४ मे, मंगळवार

आज डोंगरात शिरलो. खाली नदी, वर बर्फ. कठडे जागोजाग तुटलेले. मी सिद्धोधनला हळू, हळू म्हणत राहिलो. शेवटी तो म्हणाला, बाबा, ह्याच्याहून हळू चालवली तर मागं जाईल.

दुपारी एका वळणावर थांबलो. तिथं माणसाच्या उंचीचा काळा गुळगुळीत दगड होता. त्यावर एका जवान माणसाचं चित्र कोरलेलं. मिशा, उघड्या गळ्याचा शर्ट, दोन्ही हात गाडीच्या स्टेअरिंगवर. समोर दगडाचं टेबल आणि बाक. नीलमने मोबाइलवर वाचून सांगितलं की रस्त्यावर कोणी मेलं की घरचे लोक तिथंच असा दगड उभा करतात. येणाऱ्या जाणाऱ्याने बसावं, त्याच्या नावाने दोन घास खावेत, म्हणून टेबल. मला रिवाज आवडला. नीलमने दुबईहून बांधून आणलेल्या भाकरी कडक झाल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी लावून घेतल्या.

पहिला घास मोडला आणि समोर बघितलं, तर दगडावरचा माणूस माझ्याकडेच बघत होता. कोणी बघत असलं की तोंडातून निघतंच. मी म्हणालो, या जेवायला.

नीलम हसून हसून बेजार. म्हणाली, मामा, दगडाला बोलवायलात व्हय! तेवढ्यात मागून मोठा ट्रक आला, जोरजोरात हॉर्न द्यायला लागला. आमची गाडी त्याच्या वाटेत होती. तशीच उष्ट्या हाताने पळापळ करून निघालो. अर्धी भाकरी टेबलावरच राहिली.

हॉटेलात आल्यावर सरजाबाईला फोन लावला, गंमत सांगितली. ती म्हणाली, तुमची खोडच हाय. रुळावर भाकर सोडून बसायचात आन् चालत्या रेल्वेतल्या लोकाला या जेवायला म्हणायचात. एखादा उतरला आसता तर काय वाढलं आसतं?

१५ मे, बुधवार

सकाळपासून गाडी टिंग टिंग वाजते. स्टेअरिंगच्या मागे दिव्यांची पट्टी आहे, तिथं सीटवरची छोटी छोटी माणसं दिसतात. ज्याने पट्टा लावला नाही तो लाल होतो. मधल्या सीटवरचा लाल होता.

सिद्धोधन म्हणाला, पिशवीचं वजन. पिशवी मी मांडीवर घेतली. तरी लाल. मग त्याने रिकाम्या सीटचाच पट्टा ओढून लावला आणि आवाज बंद झाला. म्हणाला, सेन्सर खराब हाय, बाबा, तुमी डोकं लावू नका.

डोकं लावत नाही. पण लिहून ठेवतो. रिकाम्या सीटवर पट्टा लावला तर तो सीटला चिकटून बसायला पाहिजे. हा चिकटला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, फुगीर, असा होता. पोटावरून गेल्यासारखा.

आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत मानत नाही. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरात असलं काही नाही. मला नीट झोप मिळाली नाही म्हणून दिसत असेल.

१६ मे, गुरुवार

आवाज थांबेना, म्हणून सिद्धोधनने फोन करून गाडी बदलून मागितली. पुढच्या गावात दुसरी दिली, निळी. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या माणसाचे हात धरले.

आम्ही बसलो. दारं लागली. क्षणभर काही नाही. मग मधल्या सीटचा पट्टा जरासा सरकला, आणि टिंग टिंग.

सिद्धोधनने आरशातून माझ्याकडे बघितलं. उतरला, मागचं दार उघडून पट्टा लावला. लावताना त्याने हात पटकन मागे घेतला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, काही नाही, गार लागलं.

दिवसभर नदीकाठच्या ओल्या मातीचा वास येत होता. काचा बंद होत्या.

दुपारी निकिताने पाव खाल्ला नाही. मी विचारलं तर म्हणाली, काकांना दिला. कोणते काका? तिने माझ्या आणि तिच्या मधे बोट दाखवलं. आजोबा, तुमीच तर बोलवलं त्यांना.

१७ मे, शुक्रवार

नीलम आता हसत नाही. निकिताला पुढे मांडीवर घेते म्हणाली. इथं तसं चालत नाही, पोलीस धरतात. मग मी मधल्या सीटवर बसतो म्हणालो. बसायला गेलो. बसता आलं नाही. ह्याहून जास्त लिहवत नाही.

सरजाबाईला फोन लावला. वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, जेवण झाल्यावर पाव्हण्याच्या हातावर पाणी घातलं का?

नाही घातलं. ट्रक आला, आम्ही पळालो.

मंग तो उठंल कसा, म्हणाली. उष्ट्या हातानं कोणी उठतंय का? तुमी बोलावलंय, आता तुमीच उठवा. माझ्या नातीजवळ बसवून ठिवू नका त्याला.

दुसऱ्या लोकांत मेलेल्याला घास ठेवतात, वाटेला लावतात. आमच्याकडे ते सगळं सुटलं, आणि सुटलं ते बरंच झालं. पण मेलेल्याला परत कसं पाठवायचं हे मला कोणी शिकवलं नाही. मला फक्त जित्या पाहुण्याचं माहीत आहे. वाढायचं. हातावर पाणी घालायचं. फाट्यापर्यंत सोडायचं.

१८ मे, शनिवार

आज वळणावर स्टेअरिंग आपोआप फिरलं. सिद्धोधनने जोर लावून धरलं. चाक दरीच्या काठाला घासलं. गाडी थांबवून तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. म्हणाला, बाबा, मी फिरवलं नाही.

निकिता म्हणाली, काका म्हणतात पप्पा लय हळू चालवतात. काका म्हणतात, ते चालवतील.

नीलम रडली.

उद्या गाडी परत द्यायची. तोच रस्ता, तोच दगड. मी तिथं उतरणार. त्याला उठवणार. माझ्या पोरीला काही —

१९ मे, रविवार

सिद्धोधन थांबायला तयार नव्हता. मी रडलो तेव्हा थांबला.

दगडापाशी एकटाच बसलो आहे. टेबलावर पाव ठेवला, चटणी ठेवली. म्हणालो, त्या दिवशी चूक झाली, पाव्हणं, पोटभर जेवा. जेवणाऱ्याला घाई करू नये, म्हणून वही काढून लिहीत बसलो.

गाडी समोरच आहे. निकिता आत झोपली आहे. तिचा पट्टा लावलेला. मी बघून आलो.

पाणी विसरलो. गाडीतच राहिलं. हाक मारली.

नीलम बाटली घेऊन आली. सिद्धोधनही आला, पुरे म्हणतो, चला म्हणतो.

घातलं पाणी. दगडावरच्या दोन्ही हातांवर. खाली स्टेअरिंगवरून ओघळलं. उठा आता, म्हणालो. वारा थांबला. वास गेला. उठला. सरजाबाई, उठला तो —

गाडीत टिंग टिंग.

निकिताचा पट्टा तर —

थांबलं. कोणीतरी पट्टा लावला.

नीलम इथं आहे. सिद्धोधन इथं, किल्ली त्याच्या मुठीत आहे. मग गाडी सुरू कशी —

सिद्धोधन धावला. दार उघडत नाही. पोरगी आत — जागी झाली, हात हलवते —

पुढे, चालवणाऱ्याच्या सीटवर पट्टा फुगलेला. माझ्याकडे वाकला. छातीवर हात ठेवून वाकतात तसा. निरोपाचा —

निकिता, उतर, बा