क्योतोचं कापड

मुंबई,
ता. ४ सप्टेंबर १९८३

ती. सौ. कौशल्याताईस केवळरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. साकोलीला तू आणि भाऊजी मजेत असाल.

एक मोठं काम अंगावर आलंय. फोर्टात इंग्रजांच्या वेळची दगडी इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर एका शेठला नव्या धर्तीचं जपानी हॉटेल काढायचंय. आतली सगळी मांडणी माझी. अट एकच, जुन्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. म्हणून भिंतीपासून हातभर सोडून सागवानी चौकटी उभ्या करतोय. जपानात त्यांना कागद लावतात, पण इथल्या दमट हवेत तो टिकणार नाही. मग बाबा विणतात तो रेशमी कोसा आठवला. बिनरंगाचा, धाग्यातल्या गाठी तशाच ठेवलेला. दिवा मागे ठेवला की उजेड मऊ होऊन येईल.

तू आंधळगावला जाऊन बाबांना पटव. मी लिहिलं तर म्हणतील, पोरगं शिकलं अन् आता गाठींचं कापड मागून राहिलं.

माया असू दे.
तुझा केवळराम

साकोली,
ता. १८ नोव्हेंबर १९८३

चि. केवळराम यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा पहिले तुह्यावर भडकलेच. म्हणाले, जलमभर गाठी काढता काढता डोळे गेले, अन् हा म्हणते गाठी ठेवा. पण दुसऱ्याच दिवशी मागावर ताणा लावला. आता कोणी आलं का आधी मागापाशी नेते आणि सांगते, हे मुंबईच्या दगडी हवेलीत लागणार आहे. भय्याजी शिंप्यानं तर बाबांपुढे हात जोडले म्हणे, देवाजी, आता दुसरं काही बोल.

कापड या महिन्यात पाठवून देतो म्हणाले. हॉटेल चालू होईल तेव्हा पाहायले यायचं त्यांच्या मनात आहे. तुले आधी कळवायचं नाही अशी मले शपथ घातली होती, पण माह्या पोटात गोष्ट राहत नाही. तू आपला अचंबा वाटल्यासारखं कर.

जेवणाची हेळसांड नको करू. लोभ कमी नको होऊ देऊ.
तुही ताई

साकोली,
ता. २ फेब्रुवारी १९८४

चि. केवळराम यास अनेक आशीर्वाद.

बाबा मुंबईहून सुखरूप आले. गावभर सांगून राहिले, हत्ती जाईल एवढाले दरवाजे, अन् केवळरामले तर श्वास घ्यायले सवड नाही. पण मी आंधळगावले चार दिवस राहून आले, ते मागावर बसले नाहीत. विचारलं तर डोळे चुरचुरते म्हणाले. तुह्या खोलीवर राहायले गेलेले बाबा त्याच दिवशीच्या गाडीनं काहून परतले? मले खरं लिही.

तुही ताई

मुंबई,
ता. १० फेब्रुवारी १९८४

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

खरं लिहितो. चौकटी उभ्या राहिल्या तेव्हा शेठ कापडावर खूश झाले आणि जपानातल्या कोणत्या गावचं म्हणून विचारलं. आंधळगाव म्हटलं तर उतरवायला लावतील, या भीतीनं मी क्योतो म्हणालो. तेच त्यांनी निमंत्रण पत्रिकेत छापलं.

उद्घाटनाला बाबा स्टेशनवरून तसेच आले. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर पिशवी. मी पाहुण्यांना चौकटी दाखवत होतो. बाबा एका चौकटीपाशी गेले आणि त्यांनी कापडावर हात फिरवला. शेठनी विचारलं, हा कोण? मी म्हणालो, सामान पोचवणारा माणूस आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे झालो आणि बाबांना म्हणालो की मामा, हात नका लावू.

बाबांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, हो साहेब.

मी वळून पाहिलं तेव्हा ते नव्हते. त्यांच्यामागे गेलो नाही. पाहुणे होते.

परवा शेठना खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, छापलंय ते राहू दे, कोणाला काय कळतं. माझं नाव तिथून काढा एवढं बोलून मी निघालो. काम सोडलं. कापड तिथेच आहे, क्योतोचं म्हणून. माझं खोटं मला पुसता आलं नाही.

मी आंधळगावला जातोय. भाऊजींना हे सांगू नको. रागाव, पण टाकू नको.
केवळराम

आंधळगाव,
ता. २४ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

पोचलो. बाबा दारातच होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी शेजारच्या पार्वताबाईंना हाक मारून सांगितलं की माहा केवळराम आला, मुंबईची हवेली यानंच सजवली. चार माणसं जमली. त्यांच्यासमोर मान वर करता येईना.

सगळे गेल्यावर पाय धरले आणि जे बोलायचं होतं ते बोललो. बाबा उठून मागापाशी गेले. मग म्हणाले, ताणा लावायचा आहे, दुसरं टोक धर. दोन दिवस आम्ही तेच करून राहिलो. आज ते मागावर बसले.

दुपारी भाकरी खाताना त्यांनी एकच विनवणी केली. म्हणाले, मी तुले साहेब म्हटलं, ते कौशल्येले सांगू नको. बापानं असं बोलायले नव्हतं पाहिजे, तिले वाईट वाटंल.

मी बरं म्हणालो. ताई, तुला आधीच ठाऊक आहे हे त्यांना कधी कळू देऊ नको.

तुझाच,
केवळराम