डॉक्टरीणबाईंची ओटी

२४ जानेवारी १९३७, जानेफळ

आज आमच्या ओसरीवर संक्रांतीचं हळदीकुंकू. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या! लेकरं किती अन् कधी व्हावीत ते बाईनं ठरवावं, म्हणाल्या. तसे उपाय आहेत. बाया पदराआड हसल्या, पण एकही उठली नाही! नऊ बाळंतपणांची आमची शेजारीण गोजरबाई तर पुढं सरकून बसली. जाताना मी बाईंची ओटी भरली – खण, नारळ, गहू. पाहुणी सवाष्ण, तशीच कशी पाठवायची?

मला हे ऐकायचंच होतं. चौथ्या वेळी मी जाता जाता वाचले. तानुबाई सुईण तेव्हाच म्हणाली, "पाचव्या वक्ताले मले बलावू नका. बाईले वाचवनं माह्या हातात नाई." हे दाराबाहेरच उभे होते.

३० जानेवारी

तिळाचे लाडू झकास जमले. धाकटीनं डबाच पळवला!

३ फेब्रुवारी

पेपर आला. आमचे हे त्याचे इथले वार्ताहर. छापलंय – "संततिनियमनाचे पाश्चात्त्य खूळ राष्ट्राचा घात करील. वऱ्हाडच्या वीरमातांनी व्याख्यात्या बाईंची ओटी भरून, राष्ट्राला सुपुत्र देण्याचा निर्धारच दर्शविला."

वीरमाता म्हणजे मी! ओटी भरली मी, निर्धार केला यांनी!

दुपारी बायांना वाचून दाखवलं. गोजरबाई म्हणे, "अवं, ओटी तं आपन नदीचीबी भरतो! अन् त्या बाईचे केस पिकले. तिले आता कोनता सुपुत्र होते?" हसून हसून पुरेवाट. तेवढ्यात हे अंगणात. तिनं गाठलंच – "काहो भाऊ, राष्ट्राले लेकरं पाह्यजेत, तं बाळंतपनाच्या बाजेवर राष्ट्र येऊन झोपते काय?"

कानापर्यंत लाल झाले. तडक विहिरीकडे गेले. मला मेलीला मजाच वाटली.

५ फेब्रुवारी

मजा कसली! पाळी चुकलीय. आज यांना सांगितलं. "काऊन आधी नाई सांगतलं?" एवढंच म्हणाले. ताटावरून तसेच उठले. चौघं अंगणात खेळतायत, त्यांच्याकडे पाहवत नाही. मला मरायचं नाही.

६ फेब्रुवारी

पेपरच्या संपादकांचं कार्ड – बातमी फार गाजली, अशाच आणखी पाठवा. यांनी न्हाणीच्या चुलीत घातलं.

१० फेब्रुवारी

आली!! कोपऱ्यात बसलेय, घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा. लेकरांना सांगितलं, आईला कावळा शिवला. हे शेतातून आले, मला कोपऱ्यात पाहिलं अन् आल्या पावली मारुतीला जाऊन नारळ फोडला! परत येऊन खोबरं थेट माझ्या हातावर ठेवलं. अहो, शिवलात की! विटाळात प्रसाद?

"खाय," म्हणाले. डोळे भरलेले. "तू हायेस, बस झालं."

खाल्लं. ही बातमी काही हे पेपरला धाडायचे नाहीत.