दाराचे चित्र

२ जून
आज नशिराबादला देखरेखीच्या कामावर रुजू झाले. धुळ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर घर खायला उठले होते. इथे उत्साह वाटतो. जीवराम नानांचे केळी पिकवण्याचे केंद्र आहे. चार थंड खोल्या, केळी पिकवणारा गॅस आणि तापमान सगळे कार्यालयातल्या संगणकावरून चालते. खोल्यांची दारे आतून उघडत नाहीत. बाया आत जाताना चपला दाराशी काढतात. तो ढीग पाहून मी फाटकाजवळ मांडणी ठेवली आणि चपला तिथे काढायला सांगितल्या. त्यांच्यातली कोकिळा म्हणाली, "मॅडम, दारशी ऱ्हाऊ द्या. मझार कोण शे, ते त्याच सांगतस." मी म्हटले, आत कोण आहे ते हाक मारून बघायचे, मग कडी घालायची. शिस्त म्हणजे शिस्त.

४ जून
संगणकावर तीन प्रोग्राम, तिघांच्या कोपऱ्यात तीच पांढरी चौकट. दोनदा चुकीचा उघडला. जळगावहून संगणक बघणारा जुनैद आला, त्याला आपला वेगळा आयकॉन टाकायला सांगितले. त्याने तीन नंबरच्या खोलीच्या बंद दाराचा फोटो काढला, नखाएवढा केला आणि खिडकीच्या कोपऱ्यात बसवला. म्हणाला, मॅडम, घ्या, तुमच्या वर्गाला गणवेश झाला. पोरगा हुशार आहे. चित्र स्वच्छ आले.

७ जून
चित्रात दाराखाली ठिपके दिसतात. पडदा पुसला. मूळ फोटो उघडला तर त्यात काहीच नाही. जुनैद फोनवर हसला, जुने चित्र संगणक धरून ठेवतो, बंद करून चालू करा. केले. ठिपके आहेतच. भिंगातून पाहिले. चपलांचा जोड. हिरवे पट्टे.

८ जून
हिरव्या पट्ट्यांच्या चपला माल लावणाऱ्या सुमनबाईच्या होत्या.
दुपारी माल लावून झाला. मी तीन नंबरच्या दाराशी हाक मारली, ओ आली नाही, कडी घालून गॅस सोडला. आत पंखे चालू होते. ती मागच्या रांगेत होती. संध्याकाळी दार उघडले तेव्हा दाराला टेकून बसलेली. बोटांची नखे —
चपला फाटकाजवळच्या मांडणीवर होत्या. तिथे कोण बघणार.
नाना लोकांना सांगतात, हृदयविकाराने गेली. कोकिळा माझ्याशी बोलत नाही.

९ जून
मांडणी फेकून दिली. चपला पुन्हा दाराशी. कोकिळा आता हाकही मारते, चपलाही बघते, मगच कडी घालते.
जुनैदने आयकॉन काढून पांढरी चौकट परत बसवली. जेवून आले तर कोपऱ्यात दार होते. खाली नवा जोड. तपकिरी, डाव्या पट्ट्याला चांभाराचा टाका.
माझ्या.

१० जून, सकाळ
खोल्यांकडे जायचे नाही. सगळे इथून करीन. चपला काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावले, किल्ली माझ्या मुठीत आहे. आता त्या दाराशी जातात कशा, बघते.

दुपार
गार वाटते. केळ्यांचा वास. दिवे गेले, तरी पंख्यांचा आवाज — पडद्यावर फक्त दार. त्याखालच्या चपला पुसल्या गेल्यात. बरे झाले.

पडदाही गेला. मोबाइलच्या उजेडात लिहिते. खिडकी होती तिथे क्रेट. मागेही क्रेट. समोर दार, त्यावर ओरखडे —

बाहेर कोकिळा. "मझार कोणी शे का?" मी ओरडते आहे. पंखे —

ती थांबली. खाली बघत असेल. चपला बघत असेल.
माझ्या तर कपाटात —