ऐकीव साक्ष

हसनाबाद,
१९ सप्टेंबर २०२५

चि. पायल हिस बाबांचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना आबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून कागद घेतला. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी तुझ्या मैत्रिणींनीच संपवली असणार, असं ती इथे बसून सांगते आहे.

हैदराबाद संस्थानावरचा तुझा लेख छापून आला, तेव्हा तुझ्या भावाने, सूरजने तो आबांना मराठीत सांगितला. निजामाने तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढे नेली, लंडनच्या तारा काय म्हणतात, विद्वान त्यावर कसे भांडतात, सगळं आबांनी मान हलवत ऐकलं. मग त्यांनी तुला सांगितलेल्या आठवणीवरची तळटीप आली. शाळेच्या दाखल्यानुसार हा साक्षीदार १९४८ साली दोन वर्षांचा होता, सबब त्याची साक्ष ऐकीव धरावी, असं तू लिहिलंस.

 दरवर्षी मुक्तिदिनाला आबा शाळेत बोलतात, आईचा हात धरून लष्कराच्या गाड्या पाहिल्या ते सांगतात. परवा मुख्याध्यापक बोलवायला आले तर म्हणाले, "माझी नात म्हणती, मी तव्हा काही पाह्यलंच न्हाई." आणि आत निघून गेले.

अगं, दाखला मीच पाठवला, पण विचारायचं तरी होतंस. आबा शाळेत गेले तेच दहाव्या वर्षी. पहिलीत बसवायचं म्हणून मास्तरांनी वय चार वर्षांनी उतरवलं आणि जन्मतारीख एक जून टाकली. अर्धी शाळा एक जूनचीच असायची. गाड्या आल्या तेव्हा ते सहा वर्षांचे होते. इतिहास शिकणाऱ्या मुलीला हे माहीत नसावं, याचं वाईट वाटलं.

तब्येतीस जप. माया आहेच, पण उत्तर लवकर लिही.

तुझा,
राजानंद


दिल्ली,
२६ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस पायलचा सविनय जयभीम.

पत्र आल्यापासून ग्रंथालयात नुसती बसून असते. बाबा, एक जून मला माहीत आहे. तुमचीही तीच तारीख आहे. पण आमच्याकडे तोंडी साक्षीवर पहिला प्रश्न वयाचा येतो, आणि नात म्हणून आजोबांचं खरं धरलं, असं चर्चासत्रात कुणी म्हणू नये याची मला धास्ती होती. म्हणून त्यांच्याशीच जास्त कडक झाले. लंडनला बसून तार लिहिणारा साहेब कधी जालन्याला आला होता का, हे मात्र मी विचारलं नाही.

आबांना त्यांच्या आईचं तेवढंच आठवतं, तिचा फोटोही नाही, हेही मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. फार लाज वाटते आहे.

संपादक दुरुस्ती छापायला तयार आहेत. त्यांना आबांची साक्ष पुन्हा हवी, बारीक तपशिलासह. आबा सांगतील का, एवढं विचारा. आईला म्हणावं, चटणी मी एकटीनेच संपवली.

लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
पायल


हसनाबाद,
५ ऑक्टोबर २०२५

चि. पायलला आबाचा जयभीम.

राजानंद लिहून राह्यलाय. मी बोलतो तसंच लिही म्हणलं त्याला.

मी रागावलो न्हाई. वय तर कोर्टात बी इचारतेत. तू तुझं काम बराबर केलं.

आता इचारलं म्हणून सांगतो. धूळ लई होती. गाड्या मातकट होत्या, एका शिपायानं आमच्याकडं बघून हात हालवला. माझा हात मायच्या हातात होता, तिच्या बांगड्या मनगटाला रुतत होत्या. त्याच हिवाळ्यात ती गेली. एवढं मला बिलकुल पक्कं होतं.

तुझं ऐकल्यापासून रोज डोळे मिटून बघतो. मी पाह्यलं का मामानं मला सांगितलं, तेच समजंना. धूळ येती, गाड्या येतेत. हात धरलेला कळतो. पण वर बघतो तर माय न्हाई, तिथं तुझी आजी उभी राहती. मंग डोळे उघडतो.

दुरुस्ती छापू नको. आता मी सांगितलं तर ती खोटी साक्ष व्हईल.

दिवाळीच्या सुट्टीत जल्दी ये. काही इचारू नको, नुसती जवळ बस. जीव लावत ऱ्हा.

तुझा आबा,
रामकिसन