फ्रीझरमधली गार

ब्रह्मपुरी, मंगळवार, सायंकाळ.

सुमन शिकवत असे त्या शाळेतील विज्ञानशिक्षक श्री. बोरकर आज आले. चहा झाल्यावर म्हणाले, "भाऊ, मॅडमनं माह्यासाठी एक गार ठेवली होती. आहे का अजून?"

त्यांच्यासाठी, म्हणे!

गेल्या फाल्गुनात गारपीट झाली, तेव्हा सुमनने ती अंगणातून उचलून वाटीत ठेवली. सुमन वारल्यानंतर मी फ्रीझरमधले सारे काढले. ती वाटी मात्र हलवली नाही. तिची ती हौस आपल्या घरासाठी होती, अशी माझी समजूत होती.

बोरकर सांगत राहिले. "ढगातलं पानी शून्याच्या खाली गेलं तरी लवकर गोठत नाई, भाऊ. त्याले धुळीचा एखादा कण लागते. समुद्राच्या तुषारातूनही कण येते, पर इथी समुद्र कुठी? मॅडम म्हनत, गार वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू, कोनची धूळ निघते तं."

पाहू. म्हणजे दोघांनी. मला तिने हे कधीच का सांगितले नाही? जेवताना मी बातम्या ऐकत असे, हे खरे, तरीही...

"वीज गेली होती," मी म्हणालो. "गार वितळली."

"अरेरे! अन् पानी?"

"फेकले."

त्यांचे डोळे भरून आले. त्याचाही मला राग आला. माझ्या पत्नीसाठी त्यांनी का रडावे?

ते गेल्यावर फ्रीझर उघडला. गार आहे, परंतु पूर्वीपेक्षा बरीच लहान. न वितळताही बर्फ असा झिजतो का, हे कोणाला विचारावे? विचारण्याजोगा माणूस एकच आहे, आणि त्याला मी आताच खोटे सांगून परत पाठवले.