मागच्या दाराची फळी

मी, ओब्दुलिया कासाल्स, वय एक्क्याऐंशी, राहणार कोहीमार, पूर्वीचा व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहवून घेत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. मुलगी मायदेलीन याविषयी वेगळे सांगेल; तिकडे लक्ष देऊ नये.

मला दोन अपत्ये. नोटरी बाईंनी विचारले, "दोघेही हयात?"

मी हो म्हटले. मायदे शेजारीच होती. "आई, अगं ओस्निएल चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात गेला. आज कोणतं साल आहे?"

"साल मला कळतं. लिहा हो बाई, हयात."

"मग ओस्निएलचा पत्ता काय लिहू?"

"कोहीमार. घर तेच आहे."

तर घराविषयी. त्या ऑगस्टात गावातली निम्मी पोरे ट्रकच्या ट्यूबांचे तराफे बांधून किनाऱ्यावरून मायामीला निघत होती, भरदिवसा, लोकांच्या टाळ्यांत. ओस्निएलला ट्यूबा मिळाल्या, वर टाकायला फळ्या मिळेनात. त्याने आमचे मागचे दार बिजागऱ्यांतून काढले. म्हणाला, "मायामीहून तुला लोखंडी दार पाठवतो, म्हातारे. तोवर पडदा लाव." तो पडदा मी अजून बदलत असते. दार कोणाला बसवू दिलेले नाही. उत्तरेचा वारा सुटला की पडद्याच्या आत, फरशीवर, ओली पावले दिसतात. मायदे म्हणते पाऊस आला असेल. मी ती पुसत नाही आणि मला भीतीही वाटते, हे इथे लिहून ठेवते.

शिवणयंत्र मायदेला. याच यंत्रावर मी त्याचे शीड शिवले, चादरी दुहेरी करून. शिवण माझी आहे, उसवलेली नसेल.

कपाटावरचे पाण्याचे पेले मायदेने सांभाळावेत. एक माझ्या आईचा, एक नवऱ्याचा. आमच्याकडे प्रत्येक मेलेल्या माणसाला एक पेला भरून ठेवतात. मायदेने एकदा मला न विचारता तिसरा ठेवला होता. मी तो कुंडीत ओतला आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. माझ्यानंतर तिसरा पेला माझा. चौथा ठेवू नये.

कॉफीचे भांडे एलिहिओला. तो कोळी आहे, पलीकडच्या गल्लीत राहतो, आणि त्याला या घरात कॉफी मिळणे बंद झाले त्याला कारण आहे. ओस्निएल गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तो एक निळी फळी घेऊन पडद्यापाशी आला. जाळ्यात आली म्हणाला.

"निळा रंग काय माझ्याच दाराला होता?" मी म्हटले. "सगळ्या गल्लीने एकाच डब्यातला लावलाय."

"रंगाचं नाही म्हणत मी, ओब्दुलिया. मागची बाजू बघ एकदा."

मागच्या बाजूला काय असायचे ते मला माहीत होते. ओस्निएलच्या दर वाढदिवसाला मी त्याला दाराला पाठ लावून उभा करायची आणि डोक्यापाशी कात्रीच्या टोकाने रेघ ओढायची. टाचा उचलायचा लबाड.

"घरी जा, एलिहिओ."

"मी कोणाला काही बोललेलो नाही. बोलणारही नाही."

तो गेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, कारण त्याने ती बाजू पाहिली होती. फळी अजून त्याच्या होडीच्या खोपटात भिंतीला टेकून आहे. मी त्या बाजूने बाजारालाही जात नाही. इतकी वर्षे त्याने तोंड बंद ठेवले, आणि मी त्याच्यावरच राग धरला. भांडे जुने आहे, पण कॉफी चांगली होते.

काल मायदे चिडून म्हणाली, "मेलेला नाही आणि जिवंतही नाही, असा माणूस निम्म्या घरात बसवून ठेवशील तू. मी राहू कुठे?" मी रात्रभर त्याचा विचार केला. तिचे खरे आहे.

म्हणून घर सगळे मायदेचे. तिने ते विकावे, ठेवावे, मला विचारू नये. ओस्निएलच्या वाट्याला फक्त मागून आत येण्याचा हक्क. मायदेने तिथे खुशाल दार बसवावे. जोवर ती तिथे राहते, तोवर त्याला आतून कडी घालू नये.

शेवटचे. मी गेल्यावर एलिहिओकडून फळी आणावी. ती आहे तशी, निळी बाजू वर ठेवून, माझ्या शवपेटीत माझ्याजवळ ठेवावी. मायदे, उलटून पाहू नकोस. तुला घरात शांतपणे राहायचे आहे. ते मी पाहीन.

सही: ओब्दुलिया कासाल्स

साक्षीदार: रामोना वेइतिया, शेजारीण, बासिलिओ पुपो, निवृत्त टपालवाला. दोघांनी मजकूर ऐकून माझ्यासमोर सह्या केल्या. रामोना रडली, तिची सही वाकडी आहे. ती ग्राह्य धरावी.

कोहीमार, ६ मार्च २०१३