दोघींचं एकच ऑपरेशन

प्रिय खिडकीवाले,

वॉर्डात आपल्याला नावानं कुणी हाक मारलीच नाही. तुझी खाट खिडकीशी, माझी दाराशी, एवढीच ओळख. एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरांनी दोघींच्या कमरेचं हाड कापून खुब्याची उथळ वाटी फिरवून बसवली. तू बाविशीची, मुलांना पोहायला शिकवणारी. मी चाळिशीला टेकलेली, शिवणकारखान्यात दिवसभर कापड बेतत उभी असणारी. कुबड्यांवर पहिलं पाऊल टाकताना दोघी रडलो. तू म्हणालीस, लहानपणी चालायला लागलो तेव्हा निदान कुणी टाळ्या तरी वाजवल्या असतील.

तुझा खुबा अजून शाबूत आहे, हे डॉक्टरांकडूनच कळलं. माझा काही वर्षं बरा चालला. मग जिना चढताना कळ यायला लागली, चप्पल घालायला वाकता येईना. कारखान्यानं मला बसून गुंड्या तपासायला लावलं. गेल्या वर्षी सांधाच बदलला, तर आत पू झाला. पुन्हा उघडावं लागलं. आता एक पाय आखूड झालाय आणि वॉकरशिवाय स्वयंपाकघरही लांब वाटतं. डॉक्टरांचा हात चुकला नव्हता गं. सांध्यातली कूर्चा, हाडांमधली गादी, बरीच झिजलीय, किती टिकेल सांगता येत नाही, असं ते पहिल्या ऑपरेशनआधीच म्हणाले होते. मी दुखणं अंगावर काढत उशिरा गेले, तू वेळेवर गेलीस.

तू मला भेटायला यायची थांबलीस, त्याचा मला राग नाही. माझ्यासमोर ताठ चालायचा तुला संकोच वाटायचा, ते दिसत होतं मला.

आज लिहितेय ते लेकीसाठी. तिचाही खुबा तसाच निघाला. संध्याकाळी लंगडते आणि बूट चावतोय म्हणते. कूर्चा अजून चांगली आहे, हीच वेळ आहे, असं डॉक्टर सांगतात. ती ऐकत नाही. परवा मी फारच मागे लागले, तेव्हा माझ्या वॉकरकडे बघत शांतपणे म्हणाली, "आई, तुझंही ऑपरेशनच झालं होतं ना?"

वेळेवर केलं तर खुबा टिकतो, हे माझ्या तोंडून तिला पटायचं नाही. तू ये. समजावू नकोस, फक्त आमचा जिना चढून वर ये. दार तीच उघडेल. आणि मी बघतेय म्हणून पाऊल हळू टाकू नकोस.

तुझीच,
दारवाली